जंताच्या पुडीआधी शेण तपासा: कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्थांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,
प्राथमिक दूध संस्था, कोल्हापूर जिल्हा

स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की संस्थेच्या बैठकीत जंतांचा विषय निघतो. आजवर तो दोन मिनिटांत मिटायचा. इतके बोलस (जनावरांच्या मोठ्या गोळ्या) मागवा, दूध घालायला येणाऱ्याच्या हातात द्या, पैसे फरक बिलातून वळते करा. अलीकडे त्यात दुसरी सूचना येऊ लागली आहे: गोळ्या बंद करून वनौषधींची पुडी वाटू, दुधात अंश उतरत नाही, जनावराला बाधत नाही आणि झाडं तर आपल्याच डोंगरात आहेत. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. वनस्पतींत जंतांना मारणारे घटक असतात, हेही खरं आहे. पण जुन्या आणि नव्या दोन्ही ठरावांत खोट एकच आहे. जनावराच्या पोटात कुठला जंत आहे आणि किती आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. गोळी घ्या किंवा पुडी घ्या, संस्थेचा पैसा खर्ची पडण्याआधी शेण तपासा आणि औषध दिल्यावर चौदा दिवसांनी पुन्हा तपासा, एवढंच आमचं मागणं आहे. ते का, हे सविस्तर लिहितो.

जंत म्हटलं की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. प्रत्यक्षात शिरोळ-हातकणंगल्याकडे बांधावर चरणारी शेळी, आजरा-चंदगडच्या खाचरात उतरणारी म्हैस आणि कुठल्याही गोठ्यातलं पंधरा दिवसांचं रेडकू, या तिघांचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

शेळ्यामेंढ्यांचा मुख्य शत्रू हिमॉन्कस नावाचा गोलकृमी. तो चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हजार जंत असले की रोज ५० मिलिलिटर होतात आणि २५ किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पावणेदोन लिटरच्या आसपास. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळी उबेत त्या अंड्यांतून आठवडाभरात गवतावर चढणाऱ्या अळ्या तयार होतात. फसगत अशी, की या जंतामुळे बहुधा हगवण लागत नाही. लेंड्या नीट पडतात, म्हणून मालक निश्चिंत राहतो. मग एक दिवस जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी शेळी जाते.

रेडकाचं वेगळं. त्याच्या पोटातला टॉक्सोकारा गवतातून येत नाही, आईच्या दुधातून येतो. तीन-चार आठवड्यांत तो वाढून अंडी घालू लागतो, आणि लांब, पांढऱ्या जंतांच्या गुंत्याने आतडं तुंबून रेडकू दगावतं. म्हणून औषध जन्मानंतर १० ते १६ दिवसांच्या दरम्यान एकदा द्यायचं, जंत मोठा व्हायच्या आत. श्रीलंकेतल्या म्हशींवर झालेल्या कामातून हे वेळापत्रक आलं आहे. पिपराझिन किंवा पायरॅन्टेलसारखं जुनं, स्वस्त औषध इथे पुरतं. डॉक्टरांना विचारून वजनावर द्या. या वयात पुडीचे प्रयोग करू नका.

तीन-चार वेतांच्या म्हशीला गोलकृमींचा फारसा त्रास नसतो, तोपर्यंत तिच्या अंगात प्रतिकारशक्ती आलेली असते. तिला वर्षातून दोनदा गोलकृमीची गोळी देऊन बहुतेक वेळा काहीच साधत नाही. तिच्या यकृतातला चपटा कृमी मात्र खरी डोकेदुखी आहे, विशेषतः गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भाताच्या पट्ट्यात. याची अंडी शेणातून पाण्यात जातात, दोनेक आठवड्यांत फुटतात, पाण्यातल्या गोगलगायीत शिरून महिना-दीड महिना वाढतात आणि मग भाताच्या ताटाला, कडेच्या गवताला डोळ्यांना न दिसणारे कोश बनून चिकटतात. कापणीनंतर आपण तीच ओली पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, दावणीत टाकतो.

इंडोनेशियात सुहार्दोनो आणि कोपमन यांनी भातशेतीतल्या गुरांवर बरीच वर्षं काम केलं. हे कोश ताज्या ताटाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असतात, असं त्यांना आढळलं. वरचे दोन हिस्से घाला किंवा ताजी पिंजर सलग तीन दिवस कडक उन्हात वाळवून मग घाला, हा त्यांचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. फक्त वाळवताना पेंढ्या सोडून पातळ पसरा. बांधलेल्या पेंढीच्या पोटात ओल राहते आणि ओलीत कोश तग धरतो. एवढ्या कामाला औषधाचा एक रुपया लागत नाही, तरी आमच्या मते भाताच्या पट्ट्यातल्या संस्थेने जंतांसाठी करण्यासारखं पहिलं काम हेच आहे.

इथे तपासणीतही एक चूक होते. कोश पोटात गेल्यापासून कृमी मोठा होऊन अंडी घालेपर्यंत तीन ते चार महिने जातात. नोव्हेंबरात शेण तपासलं की ‘अंडी नाहीत’ असा अहवाल येतो आणि सगळे खूश होतात. कृमी तेव्हा यकृत पोखरत असतो. फेब्रुवारीत पुन्हा तपासा. औषध निवडतानाही हे लक्षात ठेवा. ऑक्सिक्लोझानाइड फक्त वाढ झालेल्या कृमीवर चालतं, ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यावरही चालतं, आणि गोलकृमींच्या मात्रेत दिलेलं अल्बेंडाझोल या कृमीला पुरत नाही. दुभत्या जनावराला काय द्यावं आणि दूध किती दिवस संकलनात घालू नये, हे वेष्टनावर वाचून डॉक्टरांनीच ठरवावं.

सरसकट वाटपातली दुसरी गफलत वजनाची. गोळी एक, म्हैस ३५० किलोची असो की ५५० किलोची. कमी मात्रेत कमजोर जंत मरतात, थोडाफार टिकाव धरणारे वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. वजनकाटा नसला तरी टेप असतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ७० आणि लांबी ५५ असेल तर वजन साधारण ४०८ किलो. शेळीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तिचं शरीर बरीचशी औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला अपुरी पडते. अल्बेंडाझोलसारखं औषध तिला दीडपट-दुप्पट लागतं, पण लेवामिसोलमध्ये तेवढी मोकळीक नाही, तिथे विषबाधा होते. आणि गाभण काळाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत अल्बेंडाझोल नको, गर्भाला व्यंग येऊ शकतं. दारोदार गोळ्या वाटणाऱ्या पोराला कुठली शेळी कधी भरली हे कसं ठाऊक असणार?

आता पुडीकडे येऊ.

पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, हे जंतांवरचं आपलं जुनं औषध. आयुर्वेदात आहे, घराघरांत आहे. फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात झफर इक्बाल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर त्याची रीतसर चाचणी घेतली आणि २००६ साली निष्कर्ष छापले. वजनाच्या दर किलोला १, २ आणि ३ ग्रॅम अशी बियांची भुकटी दिली. सर्वांत चांगला परिणाम ३ ग्रॅमला, दहाव्या दिवशी: शेणातली अंडी सुमारे ७८ टक्क्यांनी घटली. तुलनेसाठी दिलेल्या लेवामिसोलने ९९ टक्के घटली. वनौषधीच्या मानाने ७८ हा आकडा उत्तमच आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण मात्रा बघा. ३० किलोच्या मेंढीला ९० ग्रॅम. ४०० किलोच्या म्हशीला त्याच हिशेबाने एक किलो दोनशे ग्रॅम. पुडीत मावतं मूठभर. चाचणीचा दाखला पुडीवर छापायचा आणि मात्रा विसाव्या हिश्श्याची द्यायची, याला काय म्हणावं?

आणि मात्रा वाढवायची म्हटलं तर दुसरी अडचण. पळसाच्या बियांतला पॅलॅसोनिन हा घटक कँथरिडिनचा, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंग्यातल्या विषाचा, जवळचा भाऊ आहे. जंतावर चालतो म्हणजे जनावराच्या आतड्याला तो अगदीच निरुपद्रवी असेल, असं गृहीत धरता येत नाही. ‘झाडपाल्याचं आहे, बाधत नाही’ हे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त खटकतं. सीताफळाच्या बियांची पूड उवा-गोचिडांवर लावतात, तीच डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम करते. सुपारीतल्या अरेकोलिनने कुत्र्यांच्या पट्टकृमी पाडल्या जायच्या, आणि त्याबरोबर कुत्र्याला जुलाबाने हैराणही केलं जायचं. जे काम करतं ते शरीरावरही काही करतंच.

वनौषधींवरचे शोधनिबंध वाचताना तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली, कुठल्या प्राण्यावर चाचणी झाली. आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगांत अर्क चक्क गांडुळांवर टाकून पाहिलेला असतो, कारण गांडूळ सहज मिळतं. गांडूळ हा वलयी प्राणी, हिमॉन्कस हा गोलकृमी. दोघे लांब आणि वळवळणारे आहेत, नातं तिथेच संपतं. दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेतल्या बशीत वापरलेली तीव्रता. एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अर्क टाकून जंत मेला असं लिहिलेलं असतं. म्हशीच्या पहिल्या पोटात १०० लिटरच्या आसपास ऐवज धरला, तर तेवढी तीव्रता आणायला पाच किलो अर्क लागेल. पानं नव्हेत, अर्क. शिवाय तिथले जिवाणू काही घटक पचवून टाकणार ते वेगळंच. तिसरी, अर्क कशात काढला. अल्कोहोलात उतरलेला घटक काढ्यात उतरेलच असं नाही.

काढ्याचा मुद्दा कसा निर्णायक ठरतो, याचं उदाहरण मलेरियाचं आहे. आर्टेमिसिया वनस्पतीच्या उकळलेल्या काढ्याने चीनमध्ये धड गुण येईना. संशोधिका तू यूयू यांनी १९७१ साली उकळणं सोडून कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला, तेव्हा कुठे औषध हाती लागलं. उष्णतेने घटक मोडत होता. २०१५ चं अर्धं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं आणि उरलेलं अर्धं सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना, जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन या जंतनाशकापर्यंत पोचल्याबद्दल. म्हणजे गोठ्यातलं ‘केमिकल’ इंजेक्शनही मुळात मातीतूनच आलं. नैसर्गिक विरुद्ध रासायनिक हा वाद आपल्या बैठकीत जितका रंगतो तितका त्यात दम नाही.

वावडिंगाबद्दल थोडं, कारण बहुतेक मिश्रणांत ते असतंच. त्यातला गुणकारी घटक एम्बेलिन. पण बाजारात ‘वावडिंग’ म्हणून एकाहून अधिक जातींची फळं विकली जातात आणि पश्चिम घाटातलं खरं वावडिंग दुर्मिळ होत चाललं आहे. वाळलेला काळपट दाणा पाहून जात सांगणं अनुभवी माणसालाही कठीण. अमोनियाने जांभळा रंग आला की एम्बेलिन आहे एवढं कळतं; कुठल्या जातीचं, ते कळत नाही. कपिल्याचं, म्हणजे कुंकुमफळावरच्या तांबड्या भुकटीचं, दुखणं भेसळीचं: विटेची पूड आणि रेती. पाण्यावर टाकून पाहा, खरी भुकटी वर तरंगते, रेती तळाला बसते. कडुनिंबाबद्दल एवढंच, की मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर त्याच्या पाल्याचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

मग वनस्पतींचा उपयोग नाहीच का? आहे, आणि चांगला आहे, पण पुडीपेक्षा वैरणीच्या वाटेने. टॅनिन असलेला पाला हा यातला सर्वांत पक्का धागा. तुरट चवीचा हा घटक पहिल्या पोटात प्रथिनांना धरून ठेवतो, चौथ्या पोटातल्या आम्लात सोडून देतो, त्यामुळे प्रथिनं जिवाणूंच्या तावडीतून सुटून जनावराच्या पदरात पडतात. काही टॅनिन थेट जंतालाही जाचतात. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत पायर आणि पेरूच्या पानांची भुकटी खाद्यात मिसळून, आहारात दीड टक्क्याच्या आसपास कंडेन्स्ड टॅनिन जाईल अशा बेताने, हिमॉन्कस झालेल्या मेंढ्यांना दिली गेली. अंड्यांची संख्या घटली आणि मेंढ्यांची तब्येत सुधारली. स्कॉटलंडमध्ये स्पिरिदुला अथानासिआदू आणि सहकाऱ्यांनी २००१ साली छापलेलं काम याच्या शेजारी ठेवून वाचावं. क्वेब्राचो झाडाच्या टॅनिनने आतड्यातले जंत घटले, चौथ्या पोटातल्या जंतांवर मात्र मेंढीत परिणाम दिसला नाही. म्हणजे झाड बदललं, जंताचा मुक्काम बदलला की निकाल बदलतो. आणि मात्रा चढली, कोरड्या आहाराच्या पाच-सहा टक्क्यांपुढे गेली, की जनावर कमी खातं, वजन घटतं, लेंड्या खडे होतात.

आपल्याकडे बाभळीच्या शेंगा, पेरू, जांभूळ, बोर यांचा पाला आहे. सगळ्या वैरणीच्या जागी तो घालू नका, रोजच्या चाऱ्यातला एक हिस्सा म्हणून घाला. साठवायचा असेल तर सावलीत वाळवा, कारण कडक उन्हात टॅनिन पानातच बांधलं जाऊन कामाचं कमी उरतं. पिंजर कडक उन्हात आणि पाला सावलीत, हे उलटं करू नका.

या सगळ्याच्या मुळाशी आहे प्रथिनांचा तुटवडा, आणि कोल्हापुरात त्याचं नाव वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. गाळप हंगामात फुकट किंवा स्वस्त मिळतं म्हणून नोव्हेंबर ते मार्च गोठ्यात दुसरं काही दिसत नाही. वाड्याच्या कोरड्या वजनात प्रथिनं असतात पाच-सहा टक्के. सात टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात आणि जनावराची भूक मंदावते. म्हैस २५ किलो ओलं वाडं खाते असं धरा. त्यात कोरडा भाग सात किलो, प्रथिनं जेमतेम पावणेचारशे-चारशे ग्रॅम. साडेचारशे किलोच्या म्हशीला नुसतं उभं राहायलाच साधारण तेवढी लागतात. सात फॅटचं सहा लिटर दूध हवं असेल तर आणखी अर्धा किलो प्रथिनं पाहिजेत, म्हणजे २२ टक्क्यांचं पशुखाद्य सव्वादोन-अडीच किलो. तेवढं न देता दूध काढलं की ते तिच्या अंगातून निघतं.

जंतांशी याचा संबंध सरळ आहे. पावसाळ्यात अंगावर जंत चढलेले, रक्तातून-आतड्यातून प्रथिनं झिरपत आहेत आणि त्याच वेळी वाड्याचा हंगाम सुरू होतो. कूप आणि किरियाझाकिस या संशोधकांनी १९९९ साली हे चांगलं मांडलं. तुटपुंजी प्रथिनं जनावर आधी जगण्याला देतं, मग दुधाला आणि उरली तर प्रतिकारशक्तीला. व्यालेल्या मेंढीच्या लेंड्यांत अंडी अचानक वाढतात, ती याच कारणाने. आईला जादा प्रथिनं, विशेषतः पहिल्या पोटातून न मोडता पुढे जाणारी, दिली की अंडी कमी होतात आणि कोकरांच्या चरण्याच्या जागेवर जंतांचा भार कमी पडतो. म्हणून व्याण्याआधी एक महिना आणि नंतर दोन महिने शेळी-मेंढीला रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्या, त्यात शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड असू द्या. जंतनाशक म्हणून संस्था जो पैसा घालते, त्यातला काही भाग गाभण जनावराच्या पेंडीवर सवलत म्हणून दिला तर तो जास्त कारणी लागेल, असं आमचं ठाम मत आहे.

शेणाची तपासणी अवघड नाही. दूध संस्थेत फॅट लावणारा मुलगा ती आठवड्यात शिकेल, कारण मोजमापाची शिस्त त्याला आधीच असते. नमुना जमिनीवरचा नको, त्यात मातीतल्या भलत्याच अळ्या शिरतात. प्लास्टिकची पिशवी हातात उलटी घालून गुदद्वारातूनच घ्या, पिशवी सुलट करा, हवा काढून गाठ मारा. त्याच दिवशी तपासा, नाहीतर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. उकाड्यात अंडी दिवसभरात फुटू लागतात, मोजणी कमी येते आणि जनावर निरोगी ठरतं.

लिटरभर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम मीठ ढवळा. थोडं न विरघळता तळाशी राहिलं की पाणी पुरेसं जड झालं. शेण २ ग्रॅम आणि हे पाणी २८ मिलिलिटर, नीट घोटून चहाच्या गाळणीतून गाळा. गाळल्यावर लगेच, ढवळता ढवळता, ड्रॉपरने मॅकमास्टर काचेचे (अंडी मोजण्यासाठी रेषा आखलेल्या काचेचे) दोन्ही कप्पे भरा. अंडी वर तरंगू लागतात, म्हणून इथे रेंगाळलात तर कप्प्यात कमी येतात. बुडबुडे राहिले तर पुन्हा भरा. पाच मिनिटं थांबा, म्हणजे अंडी वरच्या काचेला येऊन टेकतात. तासभर ठेवू नका, मीठ खडे धरतं आणि अंडी चेपतात. सूक्ष्मदर्शकाच्या दहाच्या भिंगाखाली दोन्ही कप्प्यांच्या रेषांमधली अंडी मोजा आणि ५० ने गुणा, म्हणजे एका ग्रॅम शेणातली अंडी कळतात. प्रत्येक कप्प्यात ०.१५ मिलिलिटर मावतं, दोन्ही मिळून ०.०२ ग्रॅम शेण, म्हणून ५०. गॉर्डन आणि व्हिटलॉक यांची १९३९ सालची ही पद्धत आजही जगभर चालते.

फक्त यकृतातल्या कृमीची अंडी जड, ती मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. त्यासाठी तीनेक ग्रॅम शेण साध्या पाण्यात कालवून गाळा, पाच मिनिटं बसू द्या, वरचं पाणी ओता, पुन्हा पाणी घाला. पाणी नितळ होईपर्यंत हे करा. तळाच्या गाळावर मेथिलिन ब्ल्यूचा थेंब टाका. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळं, सोनेरी अंडं दिसलं तर यकृतकृमी. तेवढंच मोठं पण बिनरंगी दिसलं तर पहिल्या पोटातला कृमी. हा रंगाचा फरक चुकला की औषध चुकतं.

शेळ्यामेंढ्यांत प्रत्येकीची लेंडी तपासणं जमणार नाही, तिथे डोळ्याची पापणी बघा. दक्षिण आफ्रिकेत हिमॉन्कससाठी तयार झालेली फामाचा पद्धत हीच: दिवसाच्या उजेडात खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडायचा. लालभडक ती एक, पांढरीफटक ती पाच. चार-पाचला औषध, एक-दोनला नाही. तिसऱ्या छटेला अशक्त किंवा व्यालेली असेल तर द्या. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बघा. गोचीडतापाने आणि यकृतकृमीनेही पापणी पांढरी पडते, एवढं ध्यानात असू द्या. ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटातले, औषधाला न सरावलेले जंत कुरणात अंडी सोडत राहतात, आणि औषध जास्त काळ उपयोगी राहतं ते त्यांच्यामुळे. सगळा कळप एकाच दिवशी पाजून दुसऱ्या दिवशी नव्या गवतावर सोडणं हा औषध निकामी करण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे.

एखाद्या संस्थेला पुडीच वापरून पाहायची असेल तर आम्ही अडवणार नाही, पण चाचणी नीट करा. वयाने सारख्या तीस शेळ्या घ्या, अंड्यांची संख्या पाहून दहा-दहाच्या तीन गटांत समान वाटा. एकाला काही नाही, दुसऱ्याला पुडी, तिसऱ्याला प्रमाणित औषध, दोन्ही वजनावर. चौदा दिवसांनी पुन्हा मोजा. बिनऔषधाचा गट नको वाटतो, पण तोच महत्त्वाचा. समजा पुडीच्या गटात अंड्यांची सरासरी ग्रॅमला १,२०० वरून ६०० वर आली. निम्मे जंत गेले, असं फलकावर लिहिलं जाईल. पण थंडी पडल्याने काहीही न दिलेल्या गटातही १,२०० ची ७०० झाली असेल, तर पुडीचं श्रेय फक्त १४ टक्के. प्रमाणित औषधाच्या गटातही घट ९५ टक्क्यांच्या खाली दिसली तर त्या गावातले जंत औषधाला सरावू लागले असा संशय धरा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. बिनऔषधाच्या गटातली एखादी पांढरी पडली तर चाचणी बाजूला ठेवून तिला आधी औषध द्या.

कच्च्या मालाचंही सांगणं भाग आहे. पुड्यांची मागणी जिल्हाभर निघाली तर झाडं कुठून येणार? नरक्याच्या झाडाचं काय झालं ते या डोंगरातल्या लोकांना सांगायला नको. त्यात कर्करोगावरच्या औषधाचा घटक आहे हे कळल्यावर तो मुळासकट गेला. राधानगरी अभयारण्यातून माल येत असेल तर तो गुन्हाच आहे, बाहेरचा असला तरी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला विचारात घ्या. पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचा फुला-फळांसकट वाळवलेला नमुना मागा आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात ओळखून घ्या. नमुना द्यायला का कू करणाऱ्याचा माल परत पाठवा.

एका संस्थेला सूक्ष्मदर्शक परवडणार नाही, बारा-पंधरा गावांनी मिळून एक घ्यावा. काचेचे कप्पे, ग्रॅमचा काटा, गाळणी आणि मीठ यांचा खर्च किरकोळ आहे. यंदाची खरेदी त्यासाठी पूर्ण थांबवा असं आम्ही म्हणत नाही. रेडकांचं औषध, पांढऱ्या पडलेल्या शेळ्यांचं औषध तयार ठेवाच.

मृगाचा पाऊस लागायच्या आत प्रत्येक संस्थेने दहा शेळ्या, दहा कालवडी-रेड्या आणि दहा दुभत्या म्हशींचे नमुने घ्यावेत. पिशवीवर मालकाचं नाव, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, वय, किती महिन्यांची गाभण आणि शेवटचं जंतनाशक कुठलं व कधी दिलं, एवढं न पुसणाऱ्या शाईने लिहावं. औषधाचं नाव आठवत नसेल तर गोठ्याच्या वळचणीला खोचलेलं रिकामं पाकीट मिळतंच, ते पिशवीसोबत पाठवा.

कळावे,
आपले,
पशुवैद्यक, वनस्पतीशास्त्र आणि पशुआहार या विषयांत काम करणारे काही जण
कोल्हापूर